इमेल्दाने न दिलेलं इंजेक्शन

शेजाऱ्यांनी म्हाताऱ्या लँग्विडाला डोलीत घालून न्गोझी शहराजवळच्या टेकडीवरच्या दवाखान्यात आणलं, तेव्हा रक्ताच्या हगवणीने तिची पार काडी झाली होती. डॉक्टर इमेल्दाने नेहमीच्या गोळ्या सुरू केल्या. ना ताप हटला, ना रक्त थांबलं. म्हातारीची जीभ तेवढी शाबूत होती.

"पोरी, असल्या गोळ्या आमच्या बाजारात शेंगदाण्यांसारख्या सुट्या मिळतात. डोकं दुखलं तरी लोक खातात. दुसरं काही नाही का तुझ्याकडे?"

होतं. तिच्या शौचाचा नमुना राजधानीला गेला होता आणि निकाल त्या सकाळीच फोनवर कळला होता. तिच्या पोटातले जंतू या गोळ्यांना जुमानत नव्हते, फक्त एका प्रकारच्या इंजेक्शनने मरत होते. ते इंजेक्शन शस्त्रक्रियेच्या कपाटात होतं आणि किल्ली मुख्य डॉक्टर बारांकिरिझांच्या खिशात.

"गोळ्यांचा डोस वाढव," ते म्हणाले. "इंजेक्शनं ऑपरेशनच्या पेशंटांना पुरत नाहीत."

"लागू न पडणारं औषध दुप्पट दिल्याने लागू पडत नाही, सर. ती जाईल."

"मी नाही म्हटलं ना?"

"म्हटलंत. मग तिच्या सुनेला कारणही तुम्हीच सांगा. ती बाहेर बसली आहे, बोलावते."

इमेल्दा दारातून हलेना. शेवटी बारांकिरिझांनी किल्ली टेबलावर टाकली. तिने ती उचलून ॲप्रनच्या खिशात घातली.

इंजेक्शनं सुरू झाली, सलाईनही चालू होतंच. एक-दोन दिवसांत रक्त थांबलं आणि लँग्विडा घेवड्याची उसळ मागू लागली.

अशातच सिल्व्हेर नावाचा घाऊक व्यापारी मोटारीतून आला. लग्नाचं जेवण आणि केळ्यांची बिअर बाधून त्याला जुलाब लागले होते. दवाखान्याला जनरेटर त्यानेच दिला होता. मुख्य डॉक्टर स्वतः त्याला वॉर्डात घेऊन आले.

"यांना ते इंजेक्शन दे."

इमेल्दाने तपासलं. ताप नव्हता, रक्त नव्हतं. "यांना मीठ-साखरेचं पाणी पुरे."

"त्या म्हातारीला सुई आणि मला पाणी?" सिल्व्हेर खवळला.

"ती मरत होती. तुम्ही जास्त जेवलात."

"याच इंजेक्शनासाठी माझ्याशी भांडलीस ना?" बारांकिरिझांनी विचारलं.

"तेव्हा हवं होतं म्हणून भांडले, आता नको म्हणून भांडते. आपल्याकडे हे एकच औषध उरलंय, सर. ज्याला त्याला दिलं तर त्या गोळ्यांसारखं तेही निकामी होईल. मग पुढच्या म्हातारीला काय देऊ?"

त्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला. तिने ती ॲप्रनच्या खिशातच घट्ट धरली.

"बदली करीन तुझी."

"करा. हुकूम येईपर्यंत किल्ली माझ्याकडे."

लँग्विडा खाटेवरून म्हणाली, "बाबा, माझ्या शेजारची खाट रिकामी आहे. रक्त पडायला लागलं की ये, मग तुलाही मिळेल सुई."

वॉर्ड खदखदून हसला. सिल्व्हेर शिव्या घालत पाणी प्यायला आणि दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन बसला.

इमेल्दाची बदली मात्र झाली. टांगानिका सरोवराकाठी, रुमोंगेला. ती सामान बांधत असताना बारांकिरिझा दारात आले.

"एक बाई आली आहे. रक्त पडतंय. नमुना पाठवलाय. निकाल येईपर्यंत काय देऊ?"

इमेल्दा त्यांच्याबरोबर वॉर्डात गेली, बाईला तपासलं आणि काय द्यायचं ते सांगितलं. बदली रद्द करा असं ती म्हणाली नाही. त्यांनीही तो विषय काढला नाही.