वाळवीवाला

भिंगाशिवाय पान उलटत नसत म्हणून त्यांना सगळे भिंगकाका म्हणत. जुन्या, दुर्मिळ पुस्तकांचं दुकान त्यांचं. गिऱ्हाइकाच्या घरच्या भानगडीत नाक खुपसायचं नाही, हा त्यांचा नेम. पण त्या सकाळी मास्तरांची मुलगी दुकानात येऊन रडायलाच लागली, तेव्हा नेम गुंडाळून ठेवावा लागला.

मास्तर बरेच दिवस दवाखान्यात बेशुद्ध होते. डॉक्टरांनी हात टेकल्यावर मुलीने मन घट्ट करून त्यांचं पुस्तकांचं कपाट रिकामं केलं आणि सगळं काकांना विकलं. आणि मास्तर शुद्धीवर आले!

"उद्या घरी येतायत, काका. कपाटाला वाळवी लागली होती, पुस्तकं औषध मारायला दिलीत, असं सांगून बसलेय मी. खरं कळलं तर म्हणतील, जिवंतपणीच पोचवलं मला."

नशीब, एकही पुस्तक विकलं गेलं नव्हतं. काकांनी टेम्पो केला आणि संध्याकाळच्या आत स्वतःच्या हाताने कपाट भरून दिलं. काम झकास झालं, असं त्यांना वाटलं.

चार दिवसांनी निरोप आला: मास्तरांना वाळवीवाल्यांना भेटायचंय. काका गेले. मास्तरांची पार काडी झाली होती. मुलगी चहा टाकायला आत गेली, तसा त्यांनी आवाज खाली आणला.

"औषध छान मारलंत. पण मी पुस्तकं कशीही कोंबायचो हो. शब्दकोशाला खेटून शिकारकथा. आता इतिहास एकीकडे, नाटकं एकीकडे, आणि पहिल्या आवृत्त्या अगदी डोळ्यांसमोर. वाळवीवाल्याला पहिली आवृत्ती कळते होय?"

काकांनी कपाटाकडे पाहिलं. जन्मभराची सवय, हातांनी त्यांना न विचारताच दुकान मांडलं होतं.

"मास्तर, तिच्यावर रागावू नका."

"रागावू कशाला? मी परत येत नाही असं तिला वाटलं. मलाही तसंच वाटलं होतं. फक्त मला कळलंय हे तिला कळू देऊ नका. पोर आधीच झुरणीला लागलीय."

काका उठून कपाटापाशी गेले. "तुमची पूर्वीची रचना सांगा. आत्ता लावून देतो."

"राहू द्या तशीच," मास्तर म्हणाले. "पुढच्या वेळी तुम्हाला न्यायला सोपं जाईल."