कोऱ्या कार्डांवरची सही

माशांच्या दालनात पाऊल टाकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझी डॉल्फिन, म्हणजे मी जोडलेला तिचा सांगाडा, तिथे शार्कच्या शेजारी, भिंतीतल्या अरुंद काचपेटीत टांगलेली होती. शेपटीच्या पंख्यात हाडं नसतात, म्हणून तो मी तारेचा करून आडवा बसवला होता. पेटीत मावेना म्हणून सुतारदादांनी तो पिळून उभा केला होता, थेट माशासारखा.

या संग्रहालयात सांगाडे जोडण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. ही किनाऱ्यावर मरून पडलेली सापडली तेव्हा मीच तिला कापली. सुरीबरोबर दूध आलं. हात कोपरापर्यंत चिकट झाले आणि पाण्यात कुठेतरी तिचं पिल्लू भुकेलं असणार, हे कळूनही मला काम संपवावं लागलं. नंतर आठ महिने एकेक मणका जोडत बसले. आणि आता तिला मासा म्हणायचं?

"सस्तन प्राण्यांचं दालन भरलंय, बाई," नवे साहेब म्हणाले. "आणि लोक तिला माशांतच शोधतात."

"दालन कशासाठी असतं? लोकांच्या हो ला हो करायला?" माझा आवाज चढला होता, चढू दे. "मासा कल्ल्यांनी श्वास घेतो. ही फुप्फुसांनी घेते, त्यासाठी वर येते. पिल्लाला पाजते. तिच्या पुढच्या पराच्या आत बोटांची हाडं आहेत, मोजा. पाच आहेत. तुमच्या हाताला किती आहेत?"

"एवढं कशाला तापता? कार्डावर सही तर तुमचीच आहे."

मी कार्ड वाचलं. 'डॉल्फिन : समुद्रातला सर्वात हुशार मासा.' खाली माझी सही.

इथल्या प्रत्येक कार्डावर माझी सही लागते. दिवसभर साचे करताना हात प्लॅस्टरने बरबटलेले, म्हणून मी पन्नास कोरी कार्डं एकदम सही करून ऑफिसात देते. जुने साहेब मजकूर छापण्याआधी मला विचारायचे. यांनी विचारलं नाही, आणि हे विचारतात का, हे मीही कधी पाहिलं नाही. साहेबांवर चिडले होते, पण स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

"पाना द्या," मी सुतारदादांना म्हणाले.

"मला खटकलं होतं, बाई," ते खिसे चाचपत म्हणाले. "पण तुमची सही बघितली, म्हटलं बाईंना माहीत असेल."

पंखा मी पुन्हा आडवा केला. पेटीचं दार आता लागत नव्हतं. उद्या सकाळी उद्घाटन होतं. साहेब घड्याळ बघत होते.

"कोरी कार्डं किती उरलीत?" मी त्यांना विचारलं.

"एकही नाही. सगळी लावली."

मी तशीच पक्ष्यांच्या दालनात गेले. घुबड आणि घारीच्या मधे वटवाघूळ होतं, अंगभर केस, तोंडात दात. 'रात्री उडणारा पक्षी.' मी कार्ड उपटून खिशात कोंबलं.

सुतारदादा मागोमाग शिडी घेऊन आले होते.

"आणा इकडे," मी म्हणाले. "अजून अठ्ठेचाळीस वाचायची आहेत."