अकरावी पायरी आणि शिंपीणकाकूंची टेप

जिन्यात एवढी गर्दी, की वरच्याला खाली यायचं असलं तरी आधी दर्शनाच्या रांगेत उभं राहावं लागे. दर्शन कुणाचं? पायरीचं. त्या इमारतीची अकरावी पायरी माणसं पाडत होती. पोस्टमन पडला, दंतवैद्य पडले, त्यांना उचलायला धावलेला त्यांचा पेशंटही पडला. पडता पडता त्याने आपली कवळी हवेतच झेलली, असं बघणारे शपथेवर सांगतात.

मग पायरीबाबा अवतरले.

“ही मागच्या जन्मीची मानी बाई आहे,” ते म्हणाले. “न विचारता पाय ठेवलात की ढकलते. कठडा धरणं तर घोर अपमान! काढा तो. थांबा, वाका, हात जोडा, मग चढा.”

कठडा निघाला. लोक वाकू लागले. आणि काय सांगावं, आठ दिवस एक माणूस पडला नाही! पायरीला शाल आली. एका भक्ताने तिला ऊन लागू नये म्हणून छत्री धरली. त्या जिन्यात ऊन सोडा, साधा बल्ब नव्हता.

वरच्या मजल्यावर शिंपीणकाकूंचं दुकान आणि मागे घर. त्यांची लेक दहाव्या दिवशी बाळंतपणाला यायची होती. आठवा महिना, पोटापुढे तिला स्वतःचे पाय दिसत नव्हते.

त्यात नवव्या दिवशी त्यांचे सासरेच आपटले.

“श्रद्धा कमी पडली,” बाबा म्हणाले.

“कमी?” सुजलेलं मनगट धरून सासरे कडाडले. “डोळे गच्च मिटून नमस्कार करतो मी! बाकीचे लेकाचे टक्क उघडे ठेवतात!”

काकूंची कात्री कापडातच थांबली. डोळे उघडे ठेवणारे तरले आणि मिटणारा पडला? त्या टेप घेऊन उठल्या. प्रत्येक पायरी सहा इंच. अकरावी पावणेआठ.

घरमालकाला गाठलं. “तडा गेला होता हो,” तो कान खाजवत म्हणाला, “म्हणून वर एक फरशी चढवली.”

दुपारी काकूंनी अख्ख्या जिन्यावर जाड रजया अंथरल्या आणि पुकारा केला, “मानी बाई मी हलवलीय! कुठे गेली ते बाबांनी ओळखावं.”

“मला तिचा वास येतो,” म्हणत बाबा मान वर करून निघाले. चौथ्या पायरीवर धप्प! दाढीसकट रजईत. बाबांनी लोटांगण घातलं असं समजून मागचे सहा भक्तही आडवे झाले. काय झालं बघायला आलेला पोस्टमन तिथेच अडखळून सगळ्यांवर पडला.

काकूंनी रजईखालून पावणेदोन इंचांची फळी ओढून काढली. “ही बघा तुमची मानी बाई! मागच्या जन्मी झाड होती.”

“म्हणजे?” पोस्टमनने पडल्यापडल्याच विचारलं.

“अरे, दोन पायऱ्या चढल्या की पायाला माप पाठ होतं. मग तो डोळ्यांना विचारत नाही. एखादी पायरी मापाबाहेर असली की अंगठा अडकलाच. वाकल्यावर तुम्हाला ती दिसत होती, म्हणून वाचलात. माणूस पडला तर त्याचं नशीब बघण्याआधी पायाखाली बघा. आणि गवंड्याला बोलवा!”

“पण भक्ती...” रजईतून आवाज आला.

“खुशाल करा. आधी छिन्नी आणा.”

बाबा गेले. जाताना प्रत्येक पायरीकडे बघत, टक्क उघड्या डोळ्यांनी उतरले.

संध्याकाळपर्यंत वरची फरशी निघाली, तडा बुजला, कठडा बसला, बल्ब लागला. दुसऱ्या दिवशी लेक कठडा धरून, अखंड बडबडत वर आली. अकरावी पायरी कधी मागे पडली, तिला कळलंही नाही.

मागून सासरे आले, मनगटाला पट्टी बांधलेले. अकराव्या पायरीशी सवयीने थबकले.

“सूनबाई, आता हात कुणाला जोडू?”

“जोडू नका, मामंजी,” काकू वरून म्हणाल्या. “हात जोडले की कठडा सुटतो.”