काठोकाठ टाकी

"पेट्रोल भरताना नळीचा खटका पडला की थांब, वर थेंबही नको," मारिसेलानं शेजारच्या नोएमीला गाडी देताना बजावलं होतं. तरी उपकार फेडायला नोएमीनं टाकी काठोकाठ भरून दिली.

पुढच्याच आठवड्यात फ्रेस्नोतल्या धूर-तपासणीत गाडी नापास झाली. अंगणात मेकॅनिक सांगत होता, "ही कोळशाची डबी टाकीतली वाफ धरून ठेवते, मग इंजिन ती जाळतं. हिच्यात पेट्रोलच शिरलंय. टाकी कुणी ठासून भरली?"

"मामंजी, काठोकाठ भरायची तुमचीच हौस!" मारिसेला सासऱ्यांवर कडाडली. "आता चावी विसरा."

"बरं बाई, म्हातारा चोर," एउसेबिओ हसले आणि त्यांनी चावी तिच्या हातावर ठेवली.

कुंपणापलीकडे जपमाळ ओढत बसलेल्या नोएमीनं हे सगळं ऐकलं. खरं सांगेन, असा शब्द तिनं तिथंच देवाला दिला. जपमाळ खिशात ठेवून ती मारिसेलाच्या दाराकडे निघाली.