कटिंग मशीनचा नारळ

मित्रांनो, मी कागद कापणारं एक जुनं यंत्र आहे. लातुरात मला सगळे कटिंग मशीन म्हणतात. वय झालं, पण पात्याला धार आहे आणि स्वभावालाही. तेव्हा माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

माझा जन्म पंजाबातला. भूकंपाच्या वर्षी विरूपाक्षअप्पांनी मला त्यांच्या छापखान्यात आणलं. आधी मी लग्नपत्रिका कापल्या. मग शहरात गल्लोगल्ली शिकवण्या निघाल्या आणि नोट्सचे ढीग माझ्यापुढे येऊन पडू लागले. अप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला माझं कौतुक सांगत. मला चालवणाऱ्या अकरमचं नाव मात्र त्यांनी कधी काढलं नाही.

हात आत जाऊ नये म्हणून माझ्या पात्यापुढे एक जाळी होती. "जाळीनं काम रेंगाळून राहिलंय," म्हणत अप्पांनी ती काढायला लावली. त्याच हंगामात अकरमची तीन बोटं माझ्या पात्याखाली गेली. ते पातं मला आवरता आलं नाही, याचं दुःख अजून आहे.

लेबर ऑफिसात भरपाईचा अर्ज गेला आणि अप्पा बदलले. चौकशीला आलेल्या साहेबांना म्हणाले, "अकरम आमचा कामगार न्हाई. ओळखीचा हाय, येऊन बसायचा. हजेरीत नाव दाखवा की!"

नाव नव्हतंच. अप्पांनी कुणाचंच घातलं नव्हतं. आणि कामगार नाही ठरला, तर भरपाईही नाही.

अकरमची बायको जोहरा दारात उभी होती. अप्पा तिला हळूच म्हणाले, "वहिनी, मदत करतो की मी. अर्ज तेवढा मागं घ्या."

"मदत नको," जोहरा मोठ्यानं म्हणाली. "बोटं काम करताना गेलीत, आम्ही हक्काचं मागून राहिलो. साहेब, एकच विचारा. खंडेनवमीला या मशीनचा नारळ कोण फोडतंय?"

ज्यानं यंत्र चालवायचं, त्यानंच त्याच्यापुढे नारळ फोडायचा, ही रीत खुद्द अप्पांनी घातलेली. अकरम बिस्मिल्ला म्हणून फोडायचा आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा अप्पांच्याच हातावर ठेवायचा.

पानं जुळवणाऱ्या केवळाबाई हातातला गठ्ठा ठेवून उठल्या. "अकरमभाई फोडतेत. मला कामावरून काढलं तरी बी हेच सांगीन."

बाइंडिंगचा शिवशंकरही उठला. "हाव साहेब. दरसाल त्येच फोडतेत."

अप्पांनी डोळे वटारले, पण आता कोण ऐकतंय! साहेबांनी जबाब लिहून घेतले. निकालाला वेळ लागला, पण अकरम कामगार ठरला आणि अप्पांना मुकाट्यानं भरपाई भरावी लागली. केवळाबाईंचं काम खरंच गेलं. जाताना त्या अप्पांच्या टेबलासमोरूनच गेल्या, ताठ मानेनं.

मित्रांनो, मला तेल घाला, मला जपा, असं मी विनवणार नाही. माझं पातं मोडलं तर बाजारात दुसरं मिळतं. माणसाचं बोट कुठल्या दुकानात मिळतं? उद्या तुमच्या शेजारी राबणाऱ्याला इजा झाली आणि मालकानं विचारलं, "हा कोण?" तर खाली मान घालून काम करत बसू नका. उठा, आणि त्याचं नाव सांगा.