वरच्या टाकीचं पाणी

प्रिस्काआंटींना जाऊन महिना झाला आणि रुडॉल्फ खाली येऊन म्हणाला, भाडं दीडपट करावं लागेल. संपदा भाजी निवडत होती. तिला आधी वाटलं, तो आंटींसाठी चर्चमध्ये होणाऱ्या मिसाचं सांगायला आलाय.

संपदा आणि सिद्धेश पाच वर्षं वसईतल्या त्या बंगल्याच्या तळमजल्यावर भाड्याने राहत होते. सिद्धेश सातिवलीला एका पॅकिंगच्या कारखान्यात सुपरवायझर, संपदा बालवाडीत शिकवायची. वरच्या मजल्यावर मालक, निवृत्त शिक्षक ॲन्सेल्म अंकल आणि त्यांची बायको प्रिस्काआंटी. रुडॉल्फ हा त्यांचा एकुलता मुलगा, दुबईहून आईच्या मातीला आला तो राहिलाच. आंटींना डायलिसिसला संपदाच रिक्षातून न्यायची, कारण अंकलचे गुडघे गेले होते. गेल्या वर्षी त्यांनीच तीन वर्षांचा करार करून दिला, रीतसर नोंदवून. दरवर्षी पाच टक्के वाढ, आणि मुदतीआधी घर सोडायला सांगायचं नाही, हेही त्यात होतं. "दरवर्षी कशाला धावपळ, बाय?" असं म्हणाले होते.

"करारात लिहिलंय तेवढी वाढ आम्ही देतोच," संपदा म्हणाली. "मध्येच दीडपट कशी होईल?"

"तो करार पप्पांनी केला. त्यांना बाजारभाव कळत नाही."

"सही त्यांचीच आहे ना?"

रुडॉल्फ वर गेला. आठवड्याभराने तळमजल्याचं पाणी बंद झालं.

पहिल्या दिवशी वाटलं, मोटर बिघडली असेल. पण वर बादली भरल्याचा आवाज येत होता. सिद्धेश विचारायला गेला तर रुडॉल्फ म्हणाला, "लाईनचं काम काढलंय. भाड्याचं ठरलं की बघू."

संपदा शेजारच्या वाडीतल्या विहिरीवरून पाणी आणू लागली. येता-जाता अंकल गॅलरीत बसलेले दिसायचे. तिने वर पाहिलं की ते पेपर उघडायचे.

सिद्धेश म्हणाला, "देऊन टाकू. थोडी ओढाताण होईल, पण घर तरी राहील."

"आज दीडपट दिलं तर उद्या दुप्पट मागेल. आणि आपण काय चुकीचं केलंय?"

बालवाडीतल्या एका मुलाची आई वकील होती. तिने सांगितलं, भाडं वाढवून घेण्यासाठी पाणी तोडणं गुन्हा आहे, सरळ तक्रार कर. चौकीवर हवालदार म्हणाला, "मॅडम, मालक-भाडेकरूचं आपसात मिटवा." ती दुसऱ्या दिवशी वकिलीणबाईंना घेऊन गेली, तेव्हा साहेबांनी अर्ज घेतला आणि करारावर ज्याचं नाव होतं त्याला बोलावलं.

करारावर नाव अंकलचं आहे, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

चौकीच्या बाकावर अंकल बसले होते, मिसाला घालायचे ते पांढरे कपडे घालून. शेजारी रुडॉल्फ मोबाईल बघत होता.

"पाणी कोणी बंद केलं?" साहेबांनी विचारलं.

"मी," अंकल म्हणाले.

"गच्चीवर जाऊन?"

"होय."

ज्या माणसाला वरच्या मजल्यावरून खाली उतरायला हात धरावा लागतो, तो शिडीने टाकीपर्यंत चढला होता म्हणे. रुडॉल्फने मानही वर केली नाही. साहेब संपदाकडे वळले. "गुन्हा नोंदवू यांच्यावर? तुम्ही म्हणाल तसं."

तिला ओरडून सांगावंसं वाटलं की हे खोटं आहे. पण ते सांगितलं असतं तर अंकलनी 'मीच' म्हणून पुन्हा, आणखी ठामपणे सांगितलं असतं. आणि तक्रार मागे घेतली असती तर उद्या पुन्हा विहीर.

"आज पाणी चालू झालं नाही तर नोंदवा," ती म्हणाली.

आजच पाणी चालू करतो, असं अंकलनी लिहून दिलं. चाळीस वर्षं मुलांना शुद्धलेखन शिकवलेल्या त्या हाताने. उठताना संपदा आधार द्यायला पुढे झाली. त्यांनी भिंत धरली.

संध्याकाळी पाणी आलं. सिद्धेशने सगळी भांडी भरून ठेवली. संपदा स्वयंपाकघरात नुसती उभी राहिली.

कराराची उरलेली मुदत ते तिथेच राहिले, ठरलेल्या भाड्यात. अंकल पुन्हा कधी बोलले नाहीत. त्यांनी 'बाय' म्हणून हाक मारली नाही. नाताळात कुसवाराचं, त्यांच्या घरच्या गोड फराळाचं ताट आलं नाही. मुदत संपली तेव्हा किल्ली घ्यायला रुडॉल्फ आला. गॅलरी रिकामी होती.

वसईत घर मिळेना. एजंट दोन खोल्या दाखवायचे, आधीच्या मालकाचा नंबर मागायचे आणि दुसऱ्या दिवसापासून फोन उचलायचे नाहीत. एकाने तेवढं स्पष्ट सांगितलं, "ताई, पोलिसात जाणारा भाडेकरू कुणालाच नको असतो."

शेवटी विरारला, चंदनसारमध्ये तिसऱ्या मजल्यावर वन आरके मिळालं. तिथून संपदाची बालवाडी लांब पडत होती, ती सुटली. करार अकरा महिन्यांचा. संपदा वाचत होती. सातव्या कलमात होतं, मालकाला वाटेल तेव्हा भाडं वाढवता येईल आणि भाडेकरूची त्याला हरकत राहणार नाही.

"हे काढायला हवं," ती म्हणाली.

एजंटने मालकाकडे पाहिलं. मालकाने घड्याळाकडे पाहिलं. टेबलाखाली सिद्धेशने तिचा हात घट्ट धरला. तिने त्याच्याकडे पाहिलं तेव्हा तो खाली बघत होता, आणि त्याचे डोळे भरले होते.

तिने सही केली.