सात फेब्रुवारीचं पान

बापूरावांनी शर्टाच्या टोकानं चष्मा पुसला, वही सात फेब्रुवारीच्या पानावर उघडली आणि काचेपलीकडे बसलेल्या काजलला दोन्ही पंजे उघडून दाखवले. आज पाच मिनिटं नाही, दहा. एरवी अर्धं मिनिट जास्त झालं तरी डोळे वटारणारी ही पोरगी आज चक्क हसली आणि तिनं मान डोलावली. माइकवरचा लाल दिवा लागला.

महाविद्यालयाच्या आवारातलं हे रेडिओ केंद्र म्हणजे दोन खोल्या आणि गच्चीवरचा एक मनोरा. आवाज वर्धा शहर आणि आजूबाजूच्या गावांपलीकडे जात नसे. पण तेवढ्यात बापूरावांचं नाव झालं होतं. पुलगावच्या लष्करी डेपोत कारकुनी करून निवृत्त झालेला हा माणूस गेली अकरा वर्षं रोज सकाळी सव्वाआठला ‘आजची तारीख, आजचं गाणं’ सांगत होता. कोणत्या दिवशी कोणती रेकॉर्ड निघाली, कोण गायक जन्मला, कोण गेला, सगळं त्यांच्या वहीत. एका तारखेला एक पान. बोरगाव मेघेत भाजी घ्यायला गेले तरी लोक विचारत, “काका, उद्या काय हाय?” आणि बापूराव वही न बघता सांगत. याचा त्यांना अभिमान होता, आणि तो लपवायची कला त्यांना साधली नव्हती.

“नमस्कार, जयभीम,” त्यांनी सुरुवात केली. रेडिओवर ते घरची बोली बाहेर ठेवून येत. “आज सात फेब्रुवारी. एकोणीसशे चौसष्ट साली याच दिवशी बीटल्स नावाची इंग्लंडातली चार पोरं न्यूयॉर्कला विमानातून उतरली आणि तिथल्या मुलींनी विमानतळ डोक्यावर घेतला.”

हे ते दरवर्षी सांगत. त्यानंतर आज रमाईची जयंती असं म्हणून भीमगीतं गाणाऱ्या जुन्या गायन पार्ट्यांबद्दल चार गोड शब्द, आणि संपलं. पानाचा खालचा अर्धा भाग कोराच राहत आला होता. आज त्यांनी घसा खाकरला.

“याच तारखेला, एकोणीसशे शहाऐंशी साली, नागपूरच्या एका स्टुडिओत एक गाणं रेकॉर्ड झालं. तुम्हा सगळ्यांना ते पाठ आहे. ‘शेणानं गं भरले हात, रमा थापते गोवरी.’ जयंतीला वाजतं, लग्नात वाजतं, लोकांच्या मोबाइलवर वाजतं. गायक मोतीलाल. पण श्रोतेहो, आपल्या गायन पार्टीचा एक रिवाज आहे. गाण्याच्या शेवटच्या अंतऱ्यात ते बांधणाऱ्याचं नाव येतं. कॅसेटमध्ये तिथे ऐकू येतं, ‘मोती म्हणे’. मूळ कागदावर काय होतं, ते मी आज सांगतो. मूळ कागदावर होतं, ‘बापू म्हणे’.”

एवढं बोलून ते थांबले. एकोणचाळीस वर्षं छातीत अडकलेला काटा निघाला होता, आणि निघताना दुखायच्या ऐवजी बरं वाटत होतं. आता हे आधीच का सांगितलं नाही, असं कुणी विचारलं असतं तर अडचण होती. मोतीलाल गेल्या ऑगस्टमध्ये वारला. जिवंत होता तोवर तो फोन करून चार शिव्या घालू शकला असता, आणि शिव्या घालण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या जिल्ह्यात कुणी नव्हता. बापूराव धाडसी होते, पण बेतानं.

पुढची पाच मिनिटं ते भरभरून बोलले. पार्टीत ते मोतीलालच्या मागे बसून कोरस कसा म्हणायचे. नागपूरला जाण्याच्या आदल्या दिवशी त्यानं गाण्याचा कागद कसा मागून नेला. कॅसेट हातात आली, घरी टेपवर लावली, आणि शेवटचा अंतरा आला तेव्हा टेप मागे फिरवून तो पुन्हा पुन्हा कसा ऐकला. “नाव चोरलं की माणूस चोरला जातो,” असं एक वाक्य त्यांना त्या ओघात सुचलं. ते इतकं आवडलं की त्यांनी दोनदा म्हटलं.

फोन यायला लागले. पहिला एका मास्तरांचा, दुसरा प्रफुलचा. प्रफुल हा बोरगाव मेघेच्या विहार कमिटीचा सचिव. “काका, संध्याकाळी सात वाजता जयंतीचा कार्यक्रम हाय. तुमचा सत्कार करून राह्यलो आम्ही. नाई म्हणू नका,” तो म्हणाला. बापूरावांनी नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. डोळे भरून आले ते त्यांनी काजलला दिसू दिलं.

काजलनं तिसरा फोन जोडला.

“हॅलो, कोन, जवाईबापू का? मी आष्टीची शोभा. ओळखलं का मले?”

बापूरावांनी ओळखलं. आष्टी हे त्यांच्या बायकोचं, सुलोचनाचं माहेर, आणि शोभाबाई तिची लहानपणची मैत्रीण. सगळ्या आष्टीचे जावई असल्यानं गावातली कुणीही बाई त्यांना याच नावानं हाक मारी.

“बोला शोभाबाई. इकडे कुठे?”

“लेकीकडं आली जी, तुमच्याच बोरगावले. रेडिओ उशिरा लावला, पन त्या मोतीलालचं आयकलं. भल्लं चांगलं केलं तुमी! नाव चोरलं त्यानं, बराबर बोलले. आमची सुली इतके वर्सं गप राह्यली, मले तर भाय राग ये. मी म्हनो, काऊन बोलत नाई वं तू? आज तिचा नवरा तिच्यासाठी बोलला. तुमच्यासारका मानूस नाई, जवाईबापू.”

काजलनं काचेपलीकडून अंगठा उंचावला. तिला अजून काही कळलं नव्हतं. बापूरावांना पहिल्याच दमात कळलं होतं.

“शोभाबाई, वेळ जरा...”

“गानं बांधलं तवा मी तिच्या बाजूच्या ओळीत होती ना! कापसाच्या पऱ्हाटीत निंदत होतो आमी, लग्नाच्या आंधी, पोट्ट्याच होतो. गोवरीचा शब्द तर मी देल्ला तिले. बाकी सारं तिचं, चाल बी तिची. आमच्या बायायच्या गान्यात नाव गिव टाकत नाईत, म्हनून त्या मेल्याले फावलं. सुली तिथंच असन ना? तिले बी आनली असन तुमी. द्या बरं तिले फोन.”

बापूरावांनी टेबलाखालून हात हलवला. काजलला तो दिसला नाही, म्हणून त्यांनी तो वर करून हलवला. शोभाबाईंचा आवाज तुटला.

“लाइन गेलेली दिसते,” बापूराव माइकमध्ये म्हणाले. “उद्या आठ फेब्रुवारी. उद्या पुन्हा भेटू.”

लाल दिवा विझला. काजल आत आली आणि तारा गुंडाळत बसली. गुंडाळायला खरं तर काही नव्हतं.

“काका, सुली म्हणजे आपल्या काकूच ना?”

“म्हातारी बाई आहे ती. कुठलं गाणं कुठं जोडते.”

काजलनं तारांची गुंडाळी खुंटीला अडकवली. मग तिनं विचारलं, “सहाला पुन्हा लागतो कार्यक्रम. तो फोन ठेवू की काढू?”

विचारताना तिच्या आवाजात कसलाच आरोप नव्हता. ती रोज असंच विचारायची, खोकला काढू का, पान उलटल्याचा आवाज काढू का.

“काढ,” बापूराव म्हणाले.

घरापर्यंत ते स्कूटर अगदी हळू चालवत गेले आणि मनाशी भांडत गेले. खरं काय होतं? लग्नानंतर पहिल्या वर्षी सुलोचना गोवऱ्या थापताना ते गुणगुणायची. तीन अंतरे होते. नाव नव्हतं. गायन पार्टीत वाढलेल्या माणसाला नाव नसलेलं गाणं म्हणजे गळ्यात दावं नसलेलं जनावर, ज्यानं बांधलं त्याच्या गोठ्यात गेलं. त्यांनी ते कागदावर उतरवलं, दोन शब्द इकडचे तिकडे केले, चौथा अंतरा स्वतः रचला आणि त्यात ‘बापू म्हणे’ घातलं. तिला वाचूनही दाखवलं होतं. ती हसली होती. म्हणजे तिची ना नव्हती. कागदावर कुणी उतरवलं? पार्टीत कुणी नेलं? आपण नसतो तर ते गाणं आष्टीच्या शेतातच राहिलं असतं. हे सगळं खरं होतं, आणि त्यातल्या कशानंही त्यांना बरं वाटेना.

सुलोचना अंगणात खाटेवर गहू निवडत होती. खिडकीत रेडिओ होता, बंद केलेला.

“शोभी आली म्हने लेकीकडं,” ती म्हणाली.

“हो.”

“मधातच काटला फोन.”

“लाइन गेली.”

“हं.” तिनं एक खडा उचलून कुंपणापलीकडे टाकला. “सहाले पुन्हा लागते ना? मंग तवा आयकीन. तवा पुरं लागन.”

त्यांना वाटलं, आताच सांगून टाकावं. तोंड उघडलंही. पण सुलोचना उठून आत गेली आणि संध्याकाळी त्यांनी घालायचा पांढरा शर्ट इस्त्रीला घेऊन आली, सत्काराची बातमी तिच्या कानावर आधीच पोचली होती. कॉलरवरून ती इतक्या काळजीनं इस्त्री फिरवत राहिली की बापूरावांना तिचा राग आला. एखादी बाई भांडली असती. भांडणाऱ्या माणसाला निदान उत्तर तरी देता येतं.

सहाला तिनं रेडिओ लावला आणि दाराशी बसली. पांढरी साडी नेसून तयार होती. बीटल्स उतरले, मोतीलालनं कागद नेला, नाव चोरलं की माणूस चोरला जातो, दोनदा. मास्तरांचा फोन लागला, प्रफुलचा लागला. आणि लगेच बापूरावांचाच आवाज, उद्या आठ फेब्रुवारी, उद्या पुन्हा भेटू. काजलचं काम सफाईचं होतं. मध्ये कुणी बोललं होतं याची खूणही उरली नव्हती.

सुलोचनानं बटण फिरवलं.

“शोभीचं नाई लागलं,” ती म्हणाली. मग रेडिओवरची धूळ पदरानं पुसली आणि चपला पायात घातल्या. “चला, उशीर होऊन राह्यला.”

विहाराच्या दारात बापूराव थांबले आणि हळूच म्हणाले, “मी सांगतो आज. सत्काराच्या टायमाले सांगतो, तुहं नाव घेऊन.”

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात काय होतं ते त्यांना नीट वाचता आलं नाही, पण इतक्या वर्षांत तिनं आपल्याकडून काही मागितल्यासारखं हे पहिलंच, असं त्यांना वाटलं. मग ती बायकांच्या बाजूला जाऊन बसली. शोभाबाईंनी तिच्यासाठी जागा धरली होती. त्या बोळक्या तोंडानं हसत होत्या आणि बापूरावांकडे बोट दाखवून शेजारणीला काहीतरी अभिमानानं सांगत होत्या.

वंदना झाली. मुलींनी ते गाणं म्हटलं आणि शेवटी, प्रफुलनं शिकवल्याप्रमाणे, ‘बापू म्हणे’ म्हटलं. लोकांनी मागे वळून वळून बापूरावांकडे पाहिलं. प्रफुल माइकवर बोलत होता, एका कवीवर झालेला अन्याय आज दूर झाला, आपल्या वस्तीतला हिरा आपल्यालाच दिसला नाही. खांद्यावर शाल पडली. तिची नवी ऊब मानेला लागली, पुढे दोनशे तोंडं वर करून बसलेली, आणि कितीतरी फोन त्यांचे फोटो काढत होते. हे सगळं त्यांनी एकोणचाळीस वर्षं मनात अगदी असंच पाहिलं होतं.

“दोन शब्द बोला, काका,” प्रफुल म्हणाला.

बापूराव माइकपाशी गेले. समोर पांढऱ्या साड्यांच्या रांगेत सुलोचना होती. मांडीवर हात ठेवून, मान जरा पुढे काढून ती ऐकायला बसली होती. त्यांनी कमिटीचे आभार मानले. रेडिओ केंद्राचे मानले. मग सांगायचं ते जिभेवर आलं, अगदी ओठांपर्यंत आलं, आणि प्रत्येक सत्कारात प्रत्येक नवरा जे म्हणतो तेच वाक्य त्यांच्या तोंडून बाहेर पडलं.

“आणि या सगळ्यात मला माझ्या सहचारिणीची मोलाची साथ लाभली. सुलोचना, तिचेही आभार.”

टाळ्या झाल्या. रमाईच्या जयंतीला हे वाक्य कुणालाही आवडावं असंच होतं. बायकांनी तर जास्तच वाजवल्या. शोभाबाईंचे हात मात्र मध्येच थांबले. त्या सुलोचनाच्या कानाशी वाकल्या आणि काहीतरी विचारू लागल्या. सुलोचना समोर बघत टाळ्या वाजवत राहिली.